खेळाआधीच यादी

जीप माही, पण पोरी शेषेराव सरांच्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मागून गावातले लोक मलाच विचारत बसले, रामकिशन, तू कामून बोलला न्हाईस? आता मी ड्रायव्हर माणूस. मी बोलून काय व्हणार व्हतं ते तुम्हीच बघा.

शेषेराव सर म्हणजे आमच्या मुखेडच्या शाळेतले खेळाचे मास्तर. पोट असं की वाकून बुटाची लेस बांधता येत न्हाई, पण शाळेतल्या आन् शाळा सोडलेल्या बी पोरींची कबड्डीची टीम अशी बांधली की परभणी-हिंगोलीवाले आमचं नाव दिसलं की तोंड वाकडं करायचे. सामने औशाला असू द्या का अर्धापूरला, आदल्या दिवशी सरांचा फोन येणार, "रामकिशन, गाडी पुसून ठेव." पुसून ठेव म्हणजे बाजाराच्या दिवशी कोंबड्यांनी मागच्या बाकावर जे काय करून ठेवलंय ते काढ, पोरी बसणार हायत.

सरांचा एक कायदा व्हता. खेळाच्या दिवशी पोरीपाशी फोन न्हाई. सगळ्यांचे फोन एका पिशवीत घ्यायचे, तोंड बांधायचं आन् पिशवी माह्या शिटाखाली. शेवटची शिट्टी वाजल्याबिगर सोडायची न्हाई. त्याला कारण बी तसंच घडलं व्हतं. एका साली आमची कॉर्नरची पोरगी खेळायच्या आधी घरी बोलली. म्हैस व्यालेली, पारडी झालेली. पोरगी अशी खुश, अशी खुश, की मॅटवर बी हसू आवरंना. समोरची रेडर आली, तिघीला शिवून गेली, तरी ही हसतच. तव्हापासून सर म्हणायचे, "बातमी चांगली असू दे का वाईट असू दे, खेळाआधी नको." आन् पिशवीचा जिम्मा माह्यावर टाकला. पाच साल झाले, एकदा बी मी ती पिशवी मधात सोडली न्हाई.

आता रेणुका. माह्याच गावची. माय पंचशीलाबाई अंगणवाडीत मदतनीस, बाप साहेबराव नांदेडला एका दवाखान्यावर वॉचमन. ही लहान असताना माह्या जीपच्या मागं लोंबकळत शाळेत जायची. मी आरशातून शिव्या द्यायचो, ही आरशातूनच दात दाखवायची. तीच पोरगी पुढं रेड टाकायला लागली आन् बघणाऱ्याचा दम जायला लागला. असा पाय लांबवायची की शिवलेल्या पोरीला आपण बाद झालो हे पंचाकडं बघून कळायचं.

लातूरला राज्याच्या टीमची निवड व्हती, वीस वर्षांच्या आतल्या पोरींची. रेणुकाला दिवाळीनंतर वीस सरतंय. म्हणजे ह्या वख्ताला झालं तर झालं, न्हाईतर ते दार कायमचंच बंद. राज्याकडून एकदा खेळली की पोलीस भरतीत खेळाडूच्या जागेवर तिला उभं राहता येणार व्हतं, आन् पोलीस व्हायचं तिनं चौथीपासून डोक्यात घेतलेलं. पण आठ दिवस आधी सरावात तिचा डावा गुडघा मुरगळला. डॉक्टर म्हणला, आराम कर, पुन्हा लचकला तर ऑपरेशनच. ही म्हणती, "आराम काय, म्हातारपणी करायचाच हाय की."

निवड दोन दिवसांची व्हती. सरांनी पहिल्याच दिवशी तिथल्या लोकांना विचारून घेतलं. ते म्हणले, आज नुसते चाचपायचे सामने, खरं उद्या बघणार, उद्या संध्याकाळी यादी लावणार. सरांनी हिशोब केला. पहिल्या दिवशी रेणुकाला मॅटवर उतरवलंच न्हाई. म्हणले, गुडघा उद्यासाठी राखून ठेवू. मला बी तव्हा वाटलं, सर लई हुशार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी अंग गरम करायला गेल्या. मी जीप मैदानाच्या कंपाउंडला सावलीत लावली आन् तंबाखू मळत बसलो. तेवढ्यात शिटाखाली घुर्रर झालं. मला वाटलं इंजन चालूच राहिलं का काय. चावी बघितली, बंद. खाली वाकून बघतो तर पिशवी थरथरून राहिली. एक फोन थांबला की दुसरा, दुसरा थांबतो न थांबतो तोच तिसरा. जशी काय आत कोंबडी कोंडलेली. पाच सालात असं कव्हाच झालं नव्हतं.

मी आपला माहा फोन काढला. आमच्या तालुक्याच्या कबड्डीवाल्यांचा एक ग्रुप हाय, सरांनी मला बी त्यात घातलंय, गाडी कुठं लावायची ते कळावं म्हणून. त्यात एक फोटो आलेला. टेबलावर ठेवलेल्या कागदाचा. कडंला चहाचा कप बी दिसत व्हता, अर्धा पिलेला. म्हणजे कुणीतरी आतल्याच माणसानं बसल्या बसल्या काढलेला. वर लिहिलेलं, राज्य संघ. खाली पोरींची नावं. खाली लोकांचे अंगठे, हार, फटाके.

माही शाळा चौथीपस्तोर. वाचतो मी, पण बोट ठेवून. वरून खाली आलो. आमच्या टीममधली ऋतुजा व्हती. पुन्हा वरून आलो. मग खालून वर गेलो. ऋतुजा तिन्ही वेळा भेटली, रेणुका एकदा बी न्हाई.

पिशवीत एक फोन थांबायचं नावच घेईना. मी पिशवी उघडली. पाच सालात पहिल्यांदा. रेणुकाचा फोन व्हता, वर लिहिलेलं 'माय'. उचलावं का नको, उचलावं का नको, असं करता करता तो बंद पडला आन् लगेच पुन्हा वाजला. उचलला.

"रेणू?"

"ताई, जयभीम. मी रामकिशन."

"जयभीम भाऊ. रेणू कुठाय?"

"मैदानात. अंग गरम करून राहिली."

"तिला म्हणा, खेळू नको. उतर म्हणा तिला." पंचशीलाबाईला धाप लागलेली. मागून लेकरांचा कालवा येत व्हता. "यादी आली भाऊ. मी इथं लेकरांना खिचडी वाढून राहिले आन् सुपरवायझर बाईनं मोबाईल दाखवला, म्हणती तुमच्या पोरीचं न्हाई का हो झालं? सगळ्या गावाच्या मोबाईलवर हाय. माह्या लेकराचं नाव न्हाई त्यात."

"ताई, ते फोनवरचं खरं का खोटं..."

"खोटं असलं तर लई बरं. पण खरं असलं तर? नावच न्हाई तर कशाला गुडघा मोडून घ्यायचा? कुणासाठी?"

 म्हणलं, "सरांना सांगतो."

"हाव, सांगा. आन् भाऊ, एक करा. तिला असं कुणाच्याबी तोंडून कळू देऊ नका. सरांनी सांगावं न्हाईतर तुम्ही सांगा. बसवून, नीट. लई मानी हाय ती, तुम्हाला मालूमच हाय."

"हाव ताई," म्हणलं. म्हणायला काय लागतंय.

सर मॅटच्या कडंला उभे व्हते. त्याह्यच्या तोंडावरूनच कळलं की खबर पोहोचली. खिशातला फोन हातात, हात खाली.

"सर, बघितलं?"

"बघितलं."

"पंचशीलाबाईचा फोन व्हता. म्हणती, उतरवा."

"तू पिशवी सोडलीस?"

"सोडली. ओरडायचं तर मागून ओरडा."

ते ओरडले न्हाईत. "चल," म्हणले. आम्ही दोघं निवड समितीच्या टेबलाकडं गेलो. तिथं गुरुलिंगअप्पा म्हणून एक बसलेले. खिशाला दोन पेनं, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. समोर काजूची बशी.

सरांनी फोन पुढं केला. "अप्पा, ही यादी फिरून राहिली."

अप्पांनी चष्मा वर केला, बघितलं, चष्मा खाली केला. "कोण म्हणलं ही यादी हाय? यादी संध्याकाळी लागंल. माह्या सहीनं."

"मग ही खोटी हाय असं म्हणू का पोरींना?"

"मी खोटी बी म्हणलो न्हाई आन् खरी बी म्हणलो न्हाई. फेसबुकवर तर परवा माह्या मरणाची खबर आली व्हती. मी जेवून राहिलो व्हतो." आजूबाजूचे दोघं-तिघं हसले.

मी म्हणलं, "साहेब, पोरीचा गुडघा दुखावलाय. नाव नसंल तर तसं सांगा, आम्ही तिला बसवतो. नाव असायची आशा असंल तर खेळवतो. एवढंच सांगा."

"तुम्ही कोण?"

"ड्रायव्हर."

"हां." त्याह्यनं काजू उचलला. "मास्तर, नसंल खेळवायचं तर लिहून द्या, खेळाडू स्वतःहून माघार घेत हाय म्हणून. माही काय जबरदस्ती न्हाई."

तिथनं निघालो. सर दहा पावलं चालले आन् मधातच थांबले.

"बघितलंस? उतरवली तर माघार लिहिणार. आन् फोनवरची यादी खोटी निघाली तर? म्हणजे पोरीचं नाव मीच माह्या हातानं खोडलं असं व्हईल."

"आन् खरी निघाली तर?"

सरांनी फोन खिशात घातला.

"सर, तिलाच विचारा की. गुडघा तिचा हाय."

"विचारायचं म्हणजे सांगायचं, रामकिशन. आन् सांगितलं की खेळ संपला. एकदा मन बसलं की रेड न्हाई पडत, तुला काय मालूम." मग एकदम खालच्या आवाजात म्हणले, "काल खेळवायला पाहिजे व्हती रे. कालच्याच खेळावर केली ह्याह्यनं यादी."

 काल मलाच ते हुशार वाटले व्हते.

पोरींना पाणी द्यायचं काम बी माहंच. बाटल्या घेऊन गेलो तर रेणुका खाली बसून गुडघ्याची पट्टी आवळत व्हती. शेजारी ऋतुजा, तिची वेणी तोंडात धरून, रबर शोधत. दोघींना बी कायच मालूम न्हाई. एकीचं झालेलं, एकीचं गेलेलं, आन् दोघी एका रबरावरून भांडून राहिल्या.

"मामा, तोंड कामून असं केलंय?" रेणुका म्हणली. "रात्री मच्छर चावले का?"

"हाव. लातूरचे मच्छर, वळख न्हाई पाळख न्हाई."

"तुमचं रक्त पिऊन मरून गेले असतील बिचारे, नुसता तंबाखूच हाय आत." ऋतुजा खिदळली.

"गुडघा कसाय?"

"कोणता गुडघा?" तिनं पट्टीवर चापट मारली. "काल सरांनी बसवून ठेवलं ना, आज दोन दिवसांचं खेळते बघा."

मी तिच्याकडं बघितलं. तोंड उघडलं. "रेणू..."

"काय?"

"पाणी जास्ती पिऊ नको."

"हाव, मामा. जा आता, शिट्टी झाली."

आता खेळाचं सांगतो. मी लई सामने बघितले, जीपच्या टपावर बसून बघितले, पण अशी रेणुका मी बघितली नव्हती. पहिल्याच रेडला दोघी शिवून आली. दुसऱ्या रेडला तिघींनी कंबर धरली तरी हात रेषेला लावला. आन् लोक! लोकांनी तर मैदान डोक्यावर घेतलं. लातूरचे, उदगीरचे, कुठले कुठले लोक, "रेणुका! रेणुका!" म्हणून ओरडायला लागले. तिला वाटलं, आपला खेळ आवडला. तिनं हात वर केला. पण मी लोकांत उभा व्हतो, मला ऐकू येत व्हतं ना. एक जण दुसऱ्याला म्हणत व्हता, "हीच का ती, जिचं नाव न्हाई?" "हाव, हीच." "अरे रे. चांगली खेळती की." मग तो बी टाळ्या वाजवायचा. ज्याच्या त्याच्या हातात फोन, फोनमधी यादी. अख्ख्या मैदानाला मालूम, समोरच्या टीमच्या मास्तरला मालूम, चहावाल्याला मालूम. मालूम न्हाई ते फक्त मॅटवर खेळणाऱ्यांना.

मी निवड समितीच्या टेबलाकडं बघितलं. एक जण फोनवर बोलत व्हता. एक काजू वेचत व्हता. तिसऱ्याचं तोंड मैदानाकडं व्हतं, पण डोळे मिटलेले.

दुसऱ्या डावात तिचा गुडघा गेला. मला आवाज ऐकू आला असं मी म्हणणार न्हाई, लांबून कसा येणार. पण तिनं पाय टेकला आन् तोंड जे केलं, ते मी बघितलं. सर धावले. तिनं हातानंच त्याह्यला थांबवलं. "सर, न्हाई, बसवू नका. एकच रेड. समिती बघून राहिली." असं म्हणली ती. समिती बघून राहिली.

सरांनी तिला बसवायला पाहिजे व्हतं असं आता सगळे म्हणतात. तिथं त्याह्यच्या जागी उभं राहून बघावं. पोरगी हात जोडून राहिली. काय म्हणून बसवणार? सर मागं सरले. तिनं लंगडत रेड टाकली, एक गडी घेऊन आली, आन् सामना आम्ही जिंकला. पोरींनी तिला उचलून घेतलं. तिच्या डोळ्यात पाणी व्हतं, दुखण्याचं का खुशीचं ते तिलाच मालूम.

मी बाटली घेऊन निघालो. पंचशीलाबाईचं बोलणं डोक्यात व्हतं, कुणाच्याबी तोंडून कळू देऊ नका. म्हणलं आता खेळ संपला, आता सरांना घेऊ, पोरीला जीपपाशी नेऊ, बसवू, नीट सांगू. तेवढ्यात बघतो तर एक पोट्टा माईक घेऊन तिच्याकडं निघालेला. हरिओम त्याचं नाव. हे कसं कळलं, तर माईकवरच छापलेलं. चॅनल बी त्याचंच, बातमीदार बी तोच. मागं मोबाईल धरायला एक जोडीदार.

मी आडवा गेलो. "ए बाबा, थांब जरा. दहा मिनिटं थांब."

"काय झालं मामा? अभिनंदनच करलाव की."

"यादीचं विचारू नको. पोरीला अजून मालूम न्हाई."

तो थांबला. माह्या तोंडाकडं बघत राहिला. "काय म्हणता मामा? सकाळपासनं फिरलालीय ती. अख्ख्या मराठवाड्याला मालूम हाय."

"तिला न्हाई ना पण. फोन माह्यापाशी हायत सगळ्यांचे. आम्ही सांगतो आधी, मग तू ये."

मला वाटलं पोरगा समजदार हाय, मान हलवून राहिला. मान हलवता हलवताच त्याचे डोळे असे चमकले की मला कळलं, आपण काय करून बसलो. तो जोडीदाराला म्हणला, "तिला मालूमच न्हाई! पळ, लाईव्ह लाव!" आन् पळाला. मी बी पळालो. पण माहं वय काय, त्याचं वय काय.

मी पोहोचलो तव्हा माईक तिच्या तोंडापुढं व्हता.

"रेणुकाताई, काय जबरदस्त खेळ! पायाला लागलं तरी तुम्ही खेळलाव. पण तरीबी राज्याच्या यादीत तुमचं नाव न्हाई. काय भावना हायत तुमच्या?"

ती हसत व्हती. ते हसू तसंच राहिलं तोंडावर, उतरायचं कसं तेच त्याला कळंना. "कोणती यादी?"

"सकाळची. व्हायरल झालेली."

तिनं सरांकडं बघितलं. सर कागदाचा तुकडा शोधत असल्यासारखे खिसे चाचपून राहिले. मग तिनं माह्याकडं बघितलं. मी बाटलीच्या झाकणाकडं बघितलं. तिला कळायचं ते कळलं.

हरिओमनं माईक शेजारी नेला. "आन् ऋतुजाताई, तुमचं मात्र नाव हाय! अभिनंदन! कसं वाटलालंय?"

ऋतुजाला काय वाटावं? ती आधी हसायला गेली, मग तिनं रेणुकाकडं बघितलं आन् हमसून हमसून रडायलाच लागली. "गप की रे भाड्या," म्हणली, "गप की!" ते बी लाईव्हच गेलं.

संध्याकाळी म्हणले व्हते, पण तीन वाजताच यादी लागली. गुरुलिंगअप्पांच्या सहीची. मी बोट ठेवून वाचली. तीच नावं, त्याच क्रमानं, एका अक्षराचा फरक न्हाई. फक्त कडंला चहाचा कप नव्हता.

परत निघालो. रेणुका पुढं माह्या शेजारी बसली, पाय लांब करता यावा म्हणून. चाकूर गेलं, शिरूर ताजबंद गेलं, मागं पोरी असून गाडीत आवाज न्हाई. फोन ज्याचे त्याला देऊन टाकलेले. मागून मधीच हरिओमचा आवाज यायचा, "काय भावना हायत तुमच्या", आन् लगेच कुणीतरी कुणाला तरी कोपर मारून तो बंद करायचं. सगळ्यांच्या फोनवर तेच येऊन पडलं व्हतं. रेणुकानं तिचा फोन उघडलाच न्हाई.

मुखेडला ऋतुजाचे लोक हलगी घेऊन उभे व्हते, गुलालाचं पोतं फोडलेलं. ती उतरंना. तिच्या चुलत्यानं हात धरून उतरवली. जाता जाता ती खिडकीपाशी आली, "रेणू," म्हणली. रेणुकानं तिच्या कपाळावरचा गुलाल बोटानं नीट केला. "जा," म्हणली. सर बी तिथंच उतरले. दार धरून उभे राहिले. "बेटा..." म्हणले. दार लावलं, ते नीट लागलं न्हाई, मी वाकून पुन्हा लावलं.

मग आम्ही दोघंच. गाव पुढं देगलूर रोडला.

मुखेड मागं पडल्यावर ती म्हणली, "मामा, तुम्हाला कव्हा कळलं?"

खोटं बोलावं असं वाटलं. पण तिनं मला बघितलं व्हतं ना तिथं. "सकाळीच," म्हणलं. "सामन्याआधी."

"पाणी द्यायला आले तव्हा?"

"हाव."

ती पुढच्या काचेतून बघत राहिली. "मच्छर चावले म्हणले तुम्ही."

"हाव."

"सांगितलं असतं तर मी खेळले नसते," ती म्हणली. मग, "खेळले नसते तर म्हणले असते, तीच खेळली न्हाई. न्हाई का?"

"अप्पा तसंच म्हणला. लिहून द्या म्हणला."

"मग मी काय करायला पाहिजे व्हतं मामा?"

मी गियर बदलला. बदलायचं काय कारण नव्हतं, रस्ता सपाट व्हता.  

आमच्या फाट्यावर लोक उभे व्हते. दिवस अजून पुरता मावळला नव्हता, लांबूनच दिसले. पंधरा-वीस जण. वाईट मनानं न्हाई, धीर द्यायलाच आलेले. कुणी हार बी आणला व्हता. पण पोट्ट्यांनी फोन वर धरलेले, जीप दिसल्यापासनंच शूटिंग चालू. गर्दीच्या पुढं पंचशीलाबाई, अंगणवाडीच्याच साडीवर.

मी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबवू नका," रेणुका म्हणली.

"अगं, माय उभी हाय तुही."

"मला उतरता येत न्हाई मामा. पाय टेकत न्हाई. लंगडत उतरलेलं बी काढतील ते, आन् मी घरी पोहोचायच्या आधी पप्पा नांदेडला बघतील. चला तुम्ही. पुढं चला."

मी पाय काढला. लोकांनी हात वर केले. जीप त्याह्यच्या पुढून गेली. पंचशीलाबाईनं एक पाऊल टाकलं, हार घेतलेला माणूस म्हणला, "ए रामकिशन, आरं थांब की!" आन् मी माणूस असा की आयुष्यात कव्हा फाट्यावर प्रवासी सोडून गेलो न्हाई, मी गेलो.

पुढं ओढ्याचा पूल हाय, त्याच्या पलीकडं वळणावर मी गाडी कडंला घेतली. आरशात बघितलं. रस्त्यावर एकटी पंचशीलाबाई येत व्हती. पळत न्हाई, पण चालत बी न्हाई, मधलंच काहीतरी. पोट्टे तिच्या मागं निघाले व्हते, तिनं वळून काय म्हणलं कुणास ठाऊक, ते जागच्या जागी उभे राहिले.

ती जीपपाशी आली. माह्याकडं बघितलं न्हाई. मी सकाळी तिला हाव म्हणलो व्हतो. पुढचं दार उघडलं, पायरीवर बसली आन् पोरीचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. पट्टी सोडायला लागली. गुडघा टम्म सुजलेला.  मग रेणुकाचे खांदे हलायला लागले, आवाज न करता, जसं लहान लेकरू झोपेत रडतं.

मी खाली उतरलो. पुढं गेलो आन् बोनेट उघडून आत वाकलो. इंजनला कायच झालं नव्हतं.